उसाचे उरलेसुरले कुणाचे? वाढे, मळी आणि चिपाडाचा हिशेब

गळीत हंगाम तोंडावर आला की शिरोळ तालुक्यात एक शब्द सगळीकडे ऐकू येतो, तो म्हणजे 'उचल'. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत पहिली उचल किती मागायची यावर भाषणे होतात, चौकात पैजा लागतात, रस्त्यावर ट्रॅक्टर अडवले जातात. शेतकऱ्याच्या तोंडी 'पहिली उचल' म्हणजे त्याच्या उसाच्या दराचा पहिला हप्ता. तो त्याचा हक्क आहे, आणि त्यासाठी त्याने लाठ्याही खाल्ल्या आहेत.

त्याच दिवसांत बीड, अहिल्यानगर, जालना, परभणीच्या गावांतून कुटुंबेच्या कुटुंबे बिऱ्हाड ट्रकात टाकून याच तालुक्याच्या दिशेने निघतात. त्यांनीही उचल घेतलेली असते. पण त्यांची उचल मुकादमाकडून आलेली, अंगावर चढलेली, पाच-सहा महिने नवरा-बायकोने मिळून कोयता चालवून फेडायची आणि बहुतेक वेळा पुरती न फिटणारी असते. शब्द एकच आहे. बांधाच्या अलीकडे त्याचा अर्थ हक्क होतो आणि पलीकडे कर्ज.

मित्रहो, आपल्या चळवळीत साखरेवर बोलणे म्हणजे साखरसम्राटांना शिव्या घालणे, एवढाच समज झाला आहे. शिव्या घालून हिशेब लागत नाही. उसातून साखर निघते हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण आज कारखान्याचे अर्थकारण साखरेइतकेच साखरेनंतर जे उरते त्यावर उभे आहे. बगॅस म्हणजे चिपाड, मळी आणि प्रेसमड. शेतात उरते ते वाढे आणि पाचट. या उरल्यासुरल्याचा इतिहास पाहिला तर जातीव्यवस्थेचे एक जुने सूत्र डोळ्यांसमोर येते. वस्तू जोवर टाकाऊ असते तोवर ती खालच्याच्या पदरात टाकली जाते. तिला किंमत आली की ती मुकाट्याने वर सरकते.

हे सूत्र आपल्याला नवे नाही. मेलेले ढोर ओढणे हे महाराचे काम. त्याचे मांस त्याने खायचे, कातडे काढायचे. बाबासाहेबांनी महाडनंतर हे काम सोडायला सांगितले, तेव्हा यात महारांचा किती आर्थिक फायदा आहे याची आकडेवारी मांडणारे लोक पुढे आले. बाबासाहेबांनी त्यांना सरळ सुनावले, की एवढा फायदा असेल तर तो तुम्हीच घ्या. कुणी आले नाही. पुढे कातडी कमावणे हा मोठा धंदा झाला, तेव्हा मात्र भांडवल घेऊन सगळे आले.

आता उसाकडे येऊ.

शिरोळ हा कृष्णा, पंचगंगा, वारणा, दूधगंगा यांच्या पाण्याचा तालुका. नृसिंहवाडीला कृष्णा-पंचगंगेचा संगम, पुढे राजापूरचा बंधारा, त्यापलीकडे कर्नाटक. काळी, खोल, गाळाची जमीन. इथे ऊस कारखान्यांच्या फार आधीपासून आहे, पण तो गुळाचा ऊस. शाहू महाराजांच्या काळात कोल्हापुरात शाहूपुरीची पेठ वसली आणि गुळाचा बाजार वाढला. १९१७ साली जयसिंगपूर वसवले तेही बाजारपेठ म्हणूनच. गुऱ्हाळाचे गोडवे गाणारे साहित्य मराठीत भरपूर आहे: थंडीची रात्र, चुलवणाचा उजेड, काहिलीतला उकळता रस, गुळव्याचे कौशल्य, गरम काकवी. या चित्रात एक गोष्ट मात्र कधी दिसत नाही. ऊस वाढायला पाणी लागते, मग इंजिन आणि वीज येण्याआधी ते पाणी काढले कशाने?

मोटेने. आणि मोट कशाची होती? चामड्याची. गावातले जनावर मेले की ते महाराने ओढून न्यायचे, कातडे ढोराने कमवायचे, चांभाराने मोट शिवायची, आणि ती ओढणारा नाडा व सोंदूर हे दोर मांगाने वळायचे. विहिरीवरची किंवा नदीकाठच्या बुडकीवरची मोट ही या चार अस्पृश्य जातींच्या हातांतून आल्याशिवाय धावेवर चढतच नव्हती. बारा-अठरा महिन्यांच्या उसाला पाळीमागून पाळी पाणी देणारी ही मोट वर्षा-दोन वर्षांत झिजायची आणि पुन्हा हीच साखळी फिरायची. म्हणजे विटाळ मानणाऱ्या गावाचे सगळ्यांत गोड पीक अस्पृश्यांनी कमावलेल्या कातड्यातून ओतलेल्या पाण्यावर वाढत होते. मोटेतून पाटात पडलेल्या पाण्याला विटाळ नव्हता, पण तेच कातडे कमावणाऱ्याने विहिरीत पोहरा टाकला की विहीर बाटत होती. ज्यांना चवदार तळ्याचा सत्याग्रह केवळ धार्मिक हक्काचा वाटतो त्यांनी हा मुद्दा नीट ध्यानात घ्यावा.

या कामाचा मोबदला बलुते. सुगीला पेंढी, गुऱ्हाळावर काकवीचा तांब्या, गुळाचा खडा, तोही अंतर राखून वरून टाकलेला. मजुरीचा दर ठरलेला नव्हता. जे उरते त्यातून, देणाऱ्याच्या मर्जीने मिळायचे. आजच्या ऊसतोड मजुराच्या वाढ्याची हकीकत याच बलुत्याला जोडलेली आहे, ती पुढे येईल.

१९१८ हे साल आपल्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. त्या वर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानातील महार वतन खालसा करून त्या जमिनी रयतावा केल्या. वेठबिगार करायची, रात्री-अपरात्री निरोप घेऊन धावायचे आणि बदल्यात वतनाचा तुकडा सांभाळायचा, या गुलामीतून महारांना सोडवणारा हा निर्णय होता. दोन वर्षांनी, २१ आणि २२ मार्च १९२० रोजी, शिरोळपासून हाकेच्या अंतरावरील माणगावात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद झाली आणि महाराज स्वतः तिथे आले. हे आपल्याला पाठ आहे. पण त्याच १९१८ साली तरुण आंबेडकरांनी भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर एक निबंध प्रसिद्ध केला, तो आपल्याकडे फारसा वाचला जात नाही. त्यांचे म्हणणे असे, की जमिनीचा तुकडा लहान की मोठा हे नुसत्या एकरांवर ठरत नाही, त्या तुकड्याबरोबर भांडवल, अवजारे, जनावरे किती आहेत यावर ठरते. शेतीवर जादा माणसांचा बोजा आहे, तो उतरवायचा तर उद्योग उभे राहिले पाहिजेत.

या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून पाहा. महाराजांनी जमीन मोकळी केली. पण मोकळ्या जमिनीला पाणी कोण देणार होते? बैल कुठून येणार होते? ज्याच्या घरात सगळ्या गावाच्या मोटेचे कातडे आले त्याच्या स्वतःच्या तुकड्यावर मोट नव्हती. ऊस हे तर भांडवल खाणारे पीक, बेणे, खत, पाणी, मजूर सगळे आधी घालायचे आणि पैसा दीड वर्षाने बघायचा. साहजिकच असे तुकडे खंडाने, निम्म्या वाट्याने, गहाणाने दुसऱ्याच्या नांगराखाली गेले आणि काही ठिकाणी तिथेच राहिले. यात महाराजांचा दोष नाही. बाबासाहेब जे सांगत होते त्याचाच हा पुरावा आहे.

कोल्हापूर संस्थानाबाहेर तर एवढेही नव्हते. आजच्या शिरोळ तालुक्यातलेच कुरुंदवाड पटवर्धनांच्या संस्थानात होते. मुंबई इलाख्यात बाबासाहेबांनी १९२८ साली वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले, ते संमत झाले नाही. कनिष्ठ ग्राम वतने रद्द करणारा कायदा १९५८ चा, म्हणजे महाराजांच्या हुकुमानंतर चाळीस वर्षांनी. त्यातही वतनाची जमीन आधी सरकारजमा, मग कब्जेहक्काची रक्कम भरली तर नवीन अविभाज्य शर्तीवर परत. ज्याने पिढ्यान्‌पिढ्या फुकट राबून त्या जमिनीची किंमत फेडली होती त्यालाच पुन्हा पैसे भरायला लावले.

असा प्रकार जगात एकट्या आपल्याकडे झाला नाही. ब्रिटिश साम्राज्याने कॅरिबियन बेटांवरील उसाच्या मळ्यांतील गुलामगिरी १८३३ च्या कायद्याने संपवली, तेव्हा दोन कोटी पौंडांची भरपाई दिली गेली, पण ती मळेवाल्या मालकांना. गुलामांना छदामही नाही. त्या मळ्यांतही उरल्यासुरल्याचा हिशेब होता: साखर मालकाची, मळीतून रम गाळून तिचा व्यापार, आणि त्या व्यापाराच्या चक्रात आफ्रिकेतून आणखी माणसे विकत आणणे. गुलामगिरी गेल्यावर मजूर हवे म्हणून १८३४ पासून हिंदुस्थानातून गिरमिटिये मॉरिशसच्या मळ्यांवर नेले गेले. त्यांत आपले मराठी लोकही होते, त्यांचे वंशज आजही तिथे आहेत. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली, तेव्हा ऊस, कापूस आणि माणूस यांचा हा संबंध त्यांना नक्की दिसत असणार.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४७ साली, बाबासाहेबांनी 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात शेतीचा पूर्ण आराखडा मांडला. शेती हा सरकारी उद्योग व्हावा. जमीन सरकारने घ्यावी, जात-धर्म न पाहता गावातील कुटुंबांना गटाने कसायला द्यावी, पाणी, बैल, अवजारे, खत, बियाणे सरकारने पुरवावे. म्हणजे कुणी जमीनदार नको, कूळ नको आणि भूमिहीन मजूरही नको.

महाराष्ट्राने निवडला तो दुसराच रस्ता. १९४८ साली प्रवरानगरचा कारखाना नोंदला गेला, १९५० मध्ये त्याचा पहिला हंगाम झाला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांचा हा प्रयोग खासगी कारखानदारांच्या लुटीविरुद्ध होता आणि त्याचे मोल मी कमी करत नाही. खासगी साखर कंपन्यांचे मळे ज्यांनी पाहिले होते त्यांना सहकार हे मोठे पाऊल वाटले ते योग्यच होते. कोल्हापूर जिल्ह्यात हा सहकार मुरला. मूळचे शिरोळ तालुक्यातल्या निमशिरगावचे, संविधान सभेचे सदस्य असलेले रत्नाप्पा कुंभार यांनी इचलकरंजीजवळ पंचगंगा कारखाना काढला. शिरोळमध्ये समाजवादी विचारांचे सा. रे. पाटील यांनी दत्त कारखाना उभा केला. हे दोघे सरंजामदार नव्हते, एक तर कुंभार समाजातून आलेले. व्यक्तींवर टीका करून भागणार नाही, रचना बघावी लागते.

सहकारी कारखान्यात एक सभासद, एक मत. पण सभासद कोण? ज्याच्या सातबाऱ्यावर ऊस आहे तो. प्रवरेला अर्ध्या एकर उसाला एक भाग अशी सुरुवात झाली आणि तोच पायंडा पडला. म्हणजे मताची समानता होती, पण मतदारयादी सातबाऱ्यावरून तयार झाली. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेब ज्या विसंगतीबद्दल बोलले, तिचे याहून चोख उदाहरण शोधून सापडणार नाही. शिवाय कारखान्याच्या भागभांडवलात सरकारचा पैसा, कर्जाला सरकारची हमी, धरणांचे पाणी सरकारी खर्चाचे. या पैशात भूमिहीनाने भरलेला कर होता, त्याचे नाव मात्र सभासद वहीत नव्हते. आज कायद्याने एकवीसपर्यंत संचालकांच्या मंडळात अनुसूचित जाती-जमातींसाठी मिळून एक जागा राखीव आहे. त्या जागेवर कुणाला बसवायचे हे पॅनेलप्रमुख ठरवतो, हे शिरोळमध्ये कुणाला वेगळे सांगायला नको.

भूमिहीनाला पाण्यात वाटा देता येतच नाही, असे कुणी म्हणेल. येतो. पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी सत्तरच्या दशकात पाणी पंचायत चालवली. पाणी माणशी वाटायचे, भूमिहीनालाही त्याचा वाटा, आणि उसाला पाणी द्यायचे नाही. दुष्काळी माळावर जे जमले ते चार नद्यांच्या तालुक्यातील एकाही उपसा सिंचन संस्थेला सुचले नाही.

आणखी एक संधी गेली. १९६१ च्या कमाल जमीन धारणा कायद्याने खासगी साखर कंपन्यांच्या हजारो एकर जमिनी सरकारकडे आल्या. दादासाहेब गायकवाडांचा भूमिहीनांचा सत्याग्रह १९५९ मध्ये होऊन गेला होता, १९६४ मध्ये पुन्हा झाला. मधल्या काळात, १९६३ साली, या जमिनी वाटण्याऐवजी शेती महामंडळ काढले, कारण सांगितले की तुकडे केले तर उसाचे उत्पादन घटेल. पुढे जमिनी परत द्यायची वेळ आली तेव्हा त्या मूळ खंडकऱ्यांच्या वारसांना गेल्या. तिथेच राबलेले कामगार घराच्या जागेसाठी भांडत राहिले.

आता कारखान्याच्या आत जाऊ आणि उरल्यासुरल्याची किंमत कशी चढली ते पाहू. एक टन ऊस गाळला की कोल्हापूरच्या उताऱ्याने साधारण १२० किलो साखर निघते. त्याबरोबर २८० ते ३०० किलो बगॅस, ४० किलोच्या आसपास मळी आणि ३५-४० किलो प्रेसमड. पूर्वी बगॅस बॉयलरमध्ये जाळूनही उरायचे आणि त्याच्या ढिगाला आग लागेल ही भीती असायची. आज त्याच बगॅसवर सहवीजनिर्मिती चालते, वीज ग्रिडला विकली जाते. कागद आणि पार्टिकल बोर्डलाही ते जाते. प्रेसमड पूर्वी ज्याला हवा त्याने ट्रॉली भरून न्यावा असा माल होता, आता त्याचे खत होते, त्यातून बायोगॅस काढण्याचे प्रकल्प आहेत.

आणि मळी. दीर्घकाळ ती सरकारी नियंत्रणात होती, १९९३ मध्ये नियंत्रण उठले. एक टन मळीतून सव्वादोनशे लिटरच्या आसपास मद्यार्क मिळतो, म्हणजे एक टन उसामागे मळीतून नऊ-दहा लिटर. थेट रसापासून केला तर सत्तर लिटर. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा देशातला पहिला प्रायोगिक प्रकल्प २००१ मध्ये ज्या मोजक्या ठिकाणी झाला त्यांत मिरज होते, शिरोळच्या शेजारचेच. २००३ पासून पाच टक्के मिश्रण सुरू झाले, २०१८ च्या जैवइंधन धोरणाने बी-हेवी मळी आणि रसापासूनही इथेनॉल करायला दार उघडले, आणि आता पेट्रोलमधले प्रमाण वीस टक्क्यांवर गेले आहे. तुमच्या मोटारसायकलच्या टाकीतील प्रत्येक पाच लिटरमध्ये एक लिटर इथेनॉल असते, आणि त्यातला काही भाग कुणीतरी कोयत्याने तोडलेल्या उसाचा असतो.

किंमत चढली, तसा वाट्याचा प्रश्न आला. शेतकरी संघटनांनी उपपदार्थांतील वाटा मागितला, ती मागणी न्याय्य होती. २०१२ मध्ये रंगराजन समितीने सूत्र दिले: साखर, बगॅस, मळी आणि प्रेसमड यांच्या उत्पन्नातले सत्तर टक्के ऊस उत्पादकाला, तीस टक्के कारखान्याला. महाराष्ट्राने २०१३ मध्ये त्यासाठी कायदा केला, ऊस नियंत्रण मंडळ आले. चिपाडापर्यंत सगळ्याचा हिशेब कागदावर आला. पण या सत्तर-तीसमध्ये दोनच पक्ष आहेत. तिसरा, ज्याने पहाटे चारला उठून ऊस तोडला, साळला, मोळी बांधून डोक्यावरून फळीवर चढवली, त्याचा रकानाच नाही.

त्याला काय मिळते? टनामागे तोडणीचा दर. २०२४ च्या जानेवारीत संपाचा इशारा दिल्यावर त्यात ३४ टक्के वाढ झाली, आणि तीही तीन वर्षांच्या करारासाठी. त्याखेरीज मिळतात ती वाढे. उसाचे हिरवे शेंडे, जनावरांची वैरण. कोल्हापूर दुधाचा जिल्हा, त्यामुळे वाढ्याला गिऱ्हाईक आहे. दिवसभर तोडून झाल्यावर बाई वाढ्याच्या पेंढ्या बांधते आणि रस्त्याकडेला विकते, त्यावर मिठा-मिरचीचा खर्च निघतो. काही ठिकाणी तेवढेही शेतमालक स्वतःकडे ठेवतो. दर नाही, नोंद नाही, कागद नाही. हे बलुतेच झाले, मिळाले तर मिळाले. आणि ऊसतोडणीचे यंत्र आले की वाढेही गेली, माणूसही गेला. त्या यंत्राला सरकार लाखांनी अनुदान देते.

या माणसांत बंजारा, वंजारी आहेत, मराठा-धनगरही आहेत, पण मोठा वाटा आपल्या बौद्ध, मातंग आणि इतर दलित जातींचा आहे. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्यातून जो लोंढा निघाला तो थांबलाच नाही. कारखान्याच्या फाटकाच्या आतल्या कामगाराला १९५७ पासून वेतन मंडळ आले, भविष्य निर्वाह निधी आला, युनियन आली. फाटकाच्या बाहेरच्याला मुकादम आला. कारखाना म्हणतो, हे आमचे कामगार नव्हेत, ठेकेदाराचे आहेत. एका कोयत्यात नवरा-बायको दोघे मोजतात, म्हणून मुलींची लग्ने लवकर होतात. बाळंतपण, पाळी, आजार यांचा खाडा म्हणजे अंगावरची उचल वाढली. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात झालेल्या पाहणीत ८२ हजारांवर ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. बंधबिगार निर्मूलनाचा कायदा १९७६ पासून आहे.

आता हिशेबाची खरी मेख. एफआरपी हा कारखान्याच्या फाटकातला दर आहे, आणि तोडणी-वाहतुकीचा खर्च त्यातून वजा करूनच शेतकऱ्याच्या हाती पैसे पडतात. म्हणजे तोडणी मजुराची मजुरी वाढली की एकर-दीड एकरवाल्याच्या बिलातून ती कापली जाते. शिरोळचा बहुतेक शेतकरी असाच लहान आहे, त्यांत आपलीही घरे आहेत. मग तो लहान शेतकरी कोयत्याच्या संपाला विरोध करतो आणि कारखाना बाजूला उभा राहून मजा बघतो. दोन गरिबांना एकमेकांच्या अंगावर घालण्याची ही सोय कायद्याच्या आकडेमोडीतच आहे. त्यामुळे आपली मागणी 'मजुरी वाढवा' एवढीच राहिली तर ती शेतकऱ्याच्या खिशाला लागते. मजुराचा वाटा उपपदार्थांच्या उत्पन्नात, आणि तोही कारखान्याच्या तीस टक्क्यांत मागायला हवा. वीज, इथेनॉल, प्रेसमड यांच्या विक्रीतला ठरलेला भाग तोडणाऱ्याच्या नावे, मुकादमाला वळसा घालून थेट खात्यावर.

कल्याण महामंडळ आहे ना, असे कुणी सांगेल. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार महामंडळासाठी कारखान्याने टनाला दहा रुपये द्यायचे, तेवढेच सरकारने घालायचे, असे ठरले. चांगले आहे. २०२५-२६ चा एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये आहे. त्याच्याशेजारी कारखान्याचे दहा रुपये ठेवून टक्का काढा, तो अर्ध्या टक्क्यालाही पोचत नाही.

उपपदार्थांची आणखी एक यादी आहे, ती कारखान्याच्या अहवालात नसते. एक लिटर मद्यार्कामागे आठ ते पंधरा लिटर स्पेंटवॉश निघतो. शहरांचे सांडपाणी, इचलकरंजीच्या प्रक्रिया उद्योगांचे पाणी आणि मळीमिश्रित पाणी पंचगंगेतून खाली येते ते शिरोळमध्ये. तेरवाड बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच दर काही वर्षांनी वर्तमानपत्रात दिसतो. तसेच अतिपाण्याने क्षारपड झालेल्या जमिनींचे. हजारो एकर शेते पांढरी पडली. दत्त कारखान्याने सच्छिद्र पाइपांची निचरा योजना राबवून बरीच जमीन पुन्हा पिकाखाली आणली, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पण तो खर्च सातबारा असलेल्यालाच झेपतो. नदीच्या पाण्यावर, मासेमारीवर जगणाऱ्याच्या नुकसानीला निचरा योजना नाही. २००५, २०१९, २०२१ च्या महापुरांत पाणी आधी कुठल्या वस्तीत शिरले आणि शेवटी कुठून ओसरले, हे गावोगाव विचारून बघा.

जमिनीचे सरकारी उत्तर म्हणजे कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना. भूमिहीन अनुसूचित जातीच्या कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत. बागायतीला सरकार एकरी आठ लाखांपर्यंत देते. कृष्णाकाठी या भावाने कोण एकर विकेल? योजना शिरोळपुरती कागदावर आहे, आणि दर बदलल्याशिवाय कागदावरच राहील. हा दर तालुक्याच्या बाजारभावाशी जोडा, ही मागणी आपल्या एकाही मोर्च्याच्या निवेदनात मी अजून वाचलेली नाही. पुतळ्याच्या जागेसाठी आपण जेवढी निवेदने दिली त्यातले एक याला द्यायला हरकत नव्हती.

तालुक्यात अर्धा एकर, वीस गुंठे ऊस असलेले आणि म्हणून कारखान्याचे सभासद असलेले बौद्ध शेतकरी आहेत. वार्षिक सभेआधी त्यांना अहवालाची प्रत मिळते, तिची बहुतेक घरांत शाळेच्या वह्यांना कव्हरे होतात. यंदा ती प्रत जपून ठेवा. त्यात वीजविक्री, मद्यार्क-इथेनॉल, बगॅस, प्रेसमड यांचे आकडे एका बाजूला असतात आणि तोडणी-वाहतूक दुसऱ्या बाजूला. वाढ्याचा आकडा कुठेच नसतो. सभेत प्रश्न लेखी द्यावा लागतो आणि त्याची मुदत नोटिशीतच छापलेली असते, ती आधी बघून घ्या.